आप्पांनी खाल्लेला पेढा

दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं दारावरच सुकायला लागली, की माझ्या वर्गात शेअर बाजार येतो. मी दादरच्या एका कॉलेजात बारावी कॉमर्सला शिकवते आणि आमचा शेवटचा धडा शेअर बाजाराचा. दिवाळीच्या सुट्टीआधी तो उरकायचा असतो. बाजाराचा इतिहास, बाजाराची कामं, बाजाराचे फायदे. आधी वडाच्या झाडाखाली जमणारे चार दलाल, मग इमारत, मग घंटा, मग कॉम्प्युटर, मग देशभर पसरलेलं जाळं. सगळं कसं पायरी-पायरीनं वर चढत गेलेलं. वाटेत कुणी पडलं नाही, कुणी पायाखाली आलं नाही. मी फळ्यावर मुद्दे लिहिते आणि दरवर्षी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पोरांना वाटतं मॅडमना ऑक्टोबर हीट बाधते. बाधतेच म्हणा. पंखा गरगर फिरतो आणि गरमच हवा अंगावर टाकतो. समोरच्या इमारतीत कुणीतरी चकलीची भाजणी भाजत असतं, तो खमंग वास थेट दुसऱ्या बाकापर्यंत येतो. रंगाऱ्यांनी जिना ओला करून ठेवलेला असतो. ह्या वासांचा आणि ह्या धड्याचा माझ्या डोक्यात असा काही गुंता झालाय की 'भांडवल बाजार' हा शब्द उच्चारला तरी माझ्या तोंडात वेलचीची चव येते. वेलची कुठून आली ते सांगते पुढे. आत्ता सांगायला लागले तर रागाच्या भरात उलटंसुलटं सांगेन.

यंदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, भाव कोण ठरवतं? चांगला प्रश्न होता. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, मागणी आणि पुरवठा, लिहून घ्या. तिनं लिहून घेतलं. तिच्या शेजारचा बाकाखाली मोबाईलवर तोच भाव खाली-वर होताना बघत होता, बोटानं नुसतं टिचकवत होता. मला म्हणायचं होतं, बाळांनो, एके काळी भाव माझ्या बाबांचा घसा ठरवायचा.

कारण माझे बाबा बाजारात ओरडायचे. हीच त्यांची नोकरी. फोर्टातल्या एका गुजराती शेठचे ते कारकून. शेठ फोनवर ऑर्डर घेणार आणि बाबा ती घेऊन बाजाराच्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये उभे राहणार. त्या हॉलला सगळे रिंग म्हणायचे. शेकडो माणसं एकाच वेळी बोंबलत असायची आणि त्या गलक्यातून आपला आवाज नेमक्या माणसाच्या कानात घालायचा. तळवा आपल्या छातीकडे वळवला की घेतो, तळवा समोर केला की देतो. आकडा बोटांनी. समोरच्यानं मान हलवली की सौदा पक्का. सही नाही, साक्षीदार नाही. दोघांनी आपापल्या पॅडवर पेन्सिलीनं खरडायचं आणि पुढच्याकडे वळायचं.

घरी मात्र हा माणूस मुका. आवाज राखून ठेवायचा ना सोमवारसाठी! आई गॅसवर मिठाचं पाणी कायम कोमट ठेवायची, खिशात ज्येष्ठमधाची कांडी असायची. रविवारी तर बाबा हातांनीच बोलायचे. तळवा छातीकडे आणि एक बोट, म्हणजे अजून एक चपाती वाढ. तळवा समोर, म्हणजे बस, पुरे, उचल ताट. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांच्या घरून मोठमोठ्यानं बोलण्याचे आवाज यायचे आणि आमच्या घरात, ज्यात मुंबईतला एक नंबरचा ओरडणारा माणूस राहायचा, तिथे शांतता. शेजारणी आईला म्हणायच्या, तुझा नवरा किती गरीब गो. आई हसायची.

एवढ्या गोंधळात चुका व्हायच्याच. ह्यानं घेतले म्हणून लिहिलं, त्यानं लिहिलंच नाही. ह्यानं एक भाव ऐकला, त्यानं दुसरा. त्याला वांधा म्हणायचे. आणि वांधा मिटवायची एक रीत होती, जी माझ्या धड्यात कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराची घंटा व्हायच्या आत त्या दोघांनी भेटायचं, समोरासमोर बसून चहा घ्यायचा आणि नुकसान निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. चूक कुणाची, हे उकरत बसायचं नाही. कारण घंटा झाली की पुन्हा त्याच माणसाच्या डोळ्यांत बघून सौदा करायचाय. बाबांनी ती रीत घरी आणली होती. मी आणि माझा चुलतभाऊ सुधीर, आम्ही दोघं भांडलो की दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत दोन कप मांडले जायचे. एक बिस्किट. ते मधोमध मोडायचं आणि म्हणायचं, निम्मं तुझं, निम्मं माझं. मिटला वांधा. शाळेत जा.

आता आप्पा. आप्पा म्हणजे सुधीरचे वडील, बाबांचे थोरले भाऊ. आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो आणि मधलं दार कधी लागायचं नाही. आप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे, काकी पदरानं पुसायची आणि ते वैतागायचे. गावावरून बाबांना त्यांनीच आणलं, गिरणीच्या पगारातून शिकवलं, मॅट्रिक केलं, आणि कुणाच्या तरी हातापाया पडून शेठच्या पेढीवर चिकटवलं. तुका माझ्यासारखो साचो नको, असं म्हणाले होते म्हणे. भाऊ टाय लावून फोर्टात जातो ह्याचं त्यांना कोण कौतुक! बाबा जिन्यावर दिसायच्या आत गॅलरीतून हाक यायची, 'वसंताऽऽ'. सगळ्या चाळीला कळायचं, वसंता आला.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बाजार घटकाभर उघडतो, मुहूर्ताचे सौदे होतात. आप्पा दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला जायचे. प्रेक्षकांच्या सज्जात उभे राहून खाली आपल्या भावाला ओरडताना बघायचे. परत येऊन आम्हाला सांगायचे, आमचो वसंता आरडता नि त्या शेठांचे कान फाटतत.

आणि घरात एक पद्धत होती. शेठनं मिठाई दिली की तो बॉक्स बाबा उघडायचे नाहीत. आधी आप्पांच्या पुढ्यात ठेवायचा, आप्पांनी दोरा सोडायचा, पहिला त्यांनी खायचा, मग बाकीच्यांनी.

मी बारावीत होते त्या वर्षीची ही गोष्ट. असाच ऑक्टोबर, अशीच काहिली. आम्ही पोरं गॅलरीत कंदिलाच्या काड्या बांधत बसलो होतो, बोटांना खळ, घोटीव कागदाचे तुकडे सगळीकडे उडतायत. दुपारीच आप्पा घरी आले. दुपारी ते कधी यायचे नाहीत. हातातला डबा जसाच्या तसा भरलेला होता, काकीच्या हातात दिला तेव्हा तिला वजनावरूनच कळलं. गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली होती. संपानंतर अर्ध्या पाळीवर, उसनवारीच्या कापसावर रखडत चाललेली गिरणी, ती आता बंद. आप्पा भिंतीला टेकून बसले. काकी काही विचारायला गेली तर हातानंच थांब म्हणाले. मी आणि सुधीर कंदिलाच्या काड्या तशाच टाकून आत येऊन बसलो.

बाबा संध्याकाळी आले. घसा पार बसलेला, चेहरा ओढलेला, आणि हातात पेढ्यांचा बॉक्स. आज जिन्यावर हाक आली नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार. तरी पाय सवयीनं चालतात तसे ते आप्पांच्या खोलीत गेले आणि सवयीनं तो बॉक्स आप्पांच्या पुढ्यात ठेवला. मी तिथेच होते. मला अजून त्यांचे हात दिसतात. बॉक्स ठेवला आणि ठेवल्याठेवल्या त्यांना कळलं आपण काय केलं, कारण ते हात परत बॉक्सकडे गेले. पण तोवर आप्पांनी दोरा ओढला होता. त्या दिवशी काहीतरी गोड समोर आलं, तर माणूस काय करणार? त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं,

"कसलो रे पेढो, वसंता?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. शेठला नातू झाला म्हणायचं, मोकळं व्हायचं. पण ज्या जागी मान हलवली की सौदा पक्का, तिथे आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी मान खाली घातली.

"तुमच्या गिरणीचो, दादा. भाव वाढलो."

आप्पांचा जबडा थांबला. गिरण बंद झाली म्हणान वाढलो, असं त्यांनी हळूच विचारलं. बाबांनी मान हलवली. आणि आरडलो कोण, तू? बाबांनी पुन्हा मान हलवली. शेठची ऑर्डर होती, दिवसभर घेत राहायची. दिवसभर माझ्या बाबांनी तळवा छातीकडे वळवून आपल्या भावाच्या गिरणीचे शेअर घेतले होते, आणि जितके जोरात ते ओरडत होते तितका भाव चढत होता. फाटकावर नोटीस चिकटवली गेली, ती बाजारात पेढे वाटण्याची बातमी होती.

आप्पांनी तो पेढा थुंकला नाही. गिळला. 'गोड आसा,' म्हणाले, आणि बॉक्सला दोरा पुन्हा बांधला. वेलचीचा वास त्या खोलीत रात्रभर राहिला. त्यानंतर आप्पांनी बाबांना नावानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांनी गॅलरीत दोन कप मांडले. आप्पा बाहेर आले, दात घासले, कपांना वळसा घालून आत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. साय धरायची चहावर. आई कप उचलायची आणि भांडी आपटायची. आणि बाबा, ज्यांच्या ओरडण्यानं शेठांचे कान फाटायचे, ते नुसते बसून. त्यांना काय हवं होतं, ते चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. भावानं एकदा 'वसंता' म्हणावं. बाकी काही नको.

मी बाबांना विचारलं होतं, गिरणी बंद झाली तर भाव वाढतो कसा? मला हे खरंच कळत नव्हतं, आणि आमची तर परीक्षाच होती त्यावर. बाबांनी मला गॅलरीतून गिरणीची चिमणी दाखवली आणि मग चिमणीच्या खालची जागा दाखवली. म्हणाले, साचे चालू होते तोवर रोज तोटा. साचे थांबले, माणसं गेली की खाली नुसती जमीन. मुंबईच्या मधोमध. बाजार आजचं बघत नाही, पुढचं बघतो. मी म्हटलं, म्हणजे आप्पा तिथे होते म्हणून भाव पडला होता? बाबा ज्येष्ठमधाची कांडी चघळत राहिले.

ह्याच गोष्टीला धड्यात काय गोंडस नाव दिलंय! भविष्यातल्या मूल्याचा अंदाज घेणे. भांडवल योग्य ठिकाणी वळवणे. मी ते शिकवते, पगार घेते, आणि मनातल्या मनात आय-माय काढते. वळवलं कसलं? माणूस उचलला आणि बाजूला ठेवला, ह्याला वळवणं म्हणतात? आणि टीव्हीवरची ती टाय लावलेली पोरं बघा. आज बाजार खूश आहे. आज बाजार नाराज आहे. आज बाजार घाबरला. अख्खा देश सकाळी उठून बाजाराची तब्येत विचारतो, रुसलेल्या जावयाची विचारावी तशी. चहा घेतलात का, उशी देऊ का, काही लागलं तर सांगा. अरे, त्या दिवशी भिंतीला टेकून बसलेल्या आप्पांना कुणी विचारलं होतं का, खूश आहात का नाराज आहात? की त्यांना मूडच नव्हता?

त्या दिवाळीत मुहूर्ताला आप्पा गेले नाहीत. इस्त्रीचा शर्ट दोरीवरच राहिला. बाबांनी मला नेलं, कुणीतरी हवं म्हणून. फोर्टात दिव्यांच्या माळा, शेठलोकांच्या पेढीवरच्या गाद्यांना पांढऱ्या चादरी, अत्तर, बायकांच्या साड्यांची सळसळ. मी सज्जात उभी राहिले. आणि खाली पाहिलं तर रिंग अर्धीच भरलेली. भिंतीलगत खोकी रचून ठेवली होती, त्यातून कॉम्प्युटरचे पडदे डोकावत होते. कारण त्याच सुमारास शहरात दुसरा, नवा, अख्ख्या देशाचा म्हणून बाजार सुरू झाला होता. तिथे ओरडणं नाही, हॉलच नाही. इमारतींच्या गच्च्यांवर पांढऱ्या तबकड्या, त्यातून ऑर्डर आकाशात जाणार आणि नागपुरातला माणूस, कोल्हापुरातला माणूस एकाच क्षणी एकाच भावानं घेणार. मग जुन्या बाजारालाही तेच करावं लागलं.

घंटा झाली आणि बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांचा आवाज ऐकला. खरा आवाज, घरी कधी न काढलेला. माझी छाती फुगली आणि त्याच वेळी मला आठवलं की ह्याच आवाजानं ते केलं होतं. सौदा झाल्यावर बाबांनी सवयीनं वर सज्जाकडे पाहिलं, दरवर्षी आप्पा जिथे उभे असायचे तिथे. मी हात हलवला. त्यांनीही हलवला, पण उशिरा.

होळीनंतर रिंग बंदच झाली. आता खरं बोलायचं तर ती रिंग काही देवघर नव्हती. बाबाच सांगायचे, शेठलोक स्वतःसाठी स्वस्तात घेणार आणि गिऱ्हाइकाच्या माथी दिवसातला सगळ्यात चढा भाव मारणार, गिऱ्हाइकाला कळणार कसं? पडद्यावर तसं करता येत नाही. नव्या बाजारानं ती लबाडी मोडली, हे मी वर्गात नीट सांगते, अगदी उदाहरण देऊन सांगते. राग आला म्हणून मी खोटं शिकवणार नाही. पण पडद्यावर वांधा होत नाही, हेही सांगते. यंत्र चुकत नाही. माणूस चुकला, एक शून्य जास्त दाबलं, तर ते नुकसान सगळं त्याचंच. चहा प्यायला समोर कोणी नाहीच. पलीकडे कोण होतं हेच कळत नाही. मुलं म्हणतात, मॅडम, हे तर चांगलंच आहे ना? मी म्हणते, परीक्षेत चांगलंच म्हणून लिहा.

बाबांचा घसा आता कुणालाच नको होता. शेठ भला होता, त्यानं त्यांना मागच्या खोलीत शेअरच्या कागदांवर तिकिटं चिकटवायला बसवलं. काही वर्षांत कागदच गेले, शेअर नुसते कॉम्प्युटरमध्ये राहायला लागले. मग बाबाही घरी आले. आता दोन्ही भाऊ घरी. एक गॅलरीच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मला वाटलं होतं आता तरी आप्पा विरघळतील, दोघांचीही गत एकच झाली. छे. आप्पा कडक. लग्नकार्यात शेजारी उभे राहायचे, आजारपणात धावून जायचे, बाबांना कावीळ झाली तेव्हा उसाचा रस तेच आणायचे. पण बोलणं सगळं आडून. त्याला सांग. त्याला विचार. इतकी वर्षं झाली, पोरांना पोरं झाली, पण 'वसंता' हा शब्द त्या घरात मेला.

आता ती चाळ नाही. तिच्या जागी उंच इमारत झाली, आम्हाला वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं मिळाली. मधल्या दारासारखं काही नाही, पण दारं उघडी असतात. आणि आप्पांच्या हॉलच्या खिडकीतून सरळ समोर, करी रोडच्या बाजूला, गिरणीच्या जागेवरचा टॉवर दिसतो. आरशासारख्या काचा. संध्याकाळी सूर्य त्यात शिरतो आणि थेट आप्पांच्या डोळ्यांवर येतो. पडदा लाव म्हटलं तर लावू देत नाहीत.

यंदा धनत्रयोदशीला मी माहेरी गेले होते. आदल्या दिवशीच धडा संपवला होता, डोकं अजून गरम होतं. आप्पांच्या हॉलमध्ये दोघं भाऊ बसलेले, एक सोफ्यावर, एक खुर्चीत, टीव्हीकडे तोंड करून. बाबांचा आवाज आता अगदी गेलाय. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर घशाची सालटं काढलीत तुम्ही. सगळा कारभार पुन्हा हातांनी. तेवढ्यात सुधीर आला, दारातूनच हसत, हातात बॉक्स. पन्नाशीला आलाय, पण आप्पांपुढे अजून पोरासारखाच येतो. बॉक्स सरळ आप्पांच्या पुढ्यात ठेवला. घरची पद्धत त्याच्याही हातात भिनलेली. आप्पांनी दोरा सोडला, पेढा उचलला, आणि तोंडाशी नेता नेता थांबले.

"कसलो रे पेढो?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांची मान वळली.

सुधीर म्हणाला, "अहो आप्पा, शेअर लागला ना मला! आज लिस्टिंग झालं, बाजारातला पहिला दिवस. ती टॉवरवाली कंपनी नाही का, आपल्या गिरणीच्या जागेवरची. उघडतानाच वर गेला."

त्याला आठवत नव्हतं, असं नाही. त्या दिवशी तोही त्याच खोलीत होता, खळ लागलेल्या बोटांनी. त्याला फक्त जोडता आलं नाही. टॉवर वेगळा, गिरणी वेगळी, शेअर वेगळा, आप्पा वेगळे. मोबाईलवर नाव येतं, बोट दाबायचं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बॉक्स उचलून खिडकीबाहेर भिरकावणार होते. मी तोंड उघडलंसुद्धा. लाज वाटते का रे, एवढंच म्हणाले, तर आप्पांनी हातानं मला गप्प केलं. थांब, त्या दिवशी काकीला म्हणाले होते तसंच.

मग त्यांनी समोरच्या काचांकडे बघितलं. सुधीरच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, त्याला काही कळत नव्हतं. आणि मग त्यांनी पेढा दोन्ही हातांत धरून मधोमध मोडला. नीट मोडला नाही, चुरा लुंगीवर सांडला.

"वसंता," आप्पा म्हणाले. "घे. निम्मो तुझो, निम्मो माझो."

बाबा हलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही.

आप्पा म्हणाले, "ह्यो बघ, हसत इलो. तू निदान मान तरी खाली घातलंस."

तेव्हा बाबांनी हात वर केला. तळवा छातीकडे वळवला. घेतलं. इतका वेळ तो हात तसाच हवेत राहिला की शेवटी आप्पांनीच उठून तो अर्धा पेढा त्यांच्या तोंडात घातला. दोघंही रडत होते, आणि काकी आतून विचारत होती, काय झालं, कोण पडलं.

मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता. मिटवायला त्या दोघांनाच का लागावं? जो खरा वांधा होता त्याच्या दुसऱ्या बाजूचा माणूस कुठे आहे? कोणत्या मजल्यावर बसतो, चहा कसा घेतो? बाबांनी आयुष्यभर दोन कप मांडले, आणि ज्यानं येऊन बसायला हवं होतं तो कधी चाळीचा जिनाच चढला नाही. दोन गरीब भावांनी आपसात नुकसान वाटून घेतलं. भाव मात्र वाढलेलाच.

सुधीर ओशाळला होता. त्यानं बॉक्स माझ्यापुढे केला, घे ना ताई, दिवाळी आहे, म्हणाला. मला त्याची दयासुद्धा आली. मी एक पेढा उचलला. वेलचीचा तोच वास.

"गो चेडवा," आप्पा मागून म्हणाले. डोळे पुसत होते, पण आवाज जुना होता, गॅलरीतला. "आमी खाल्लो. तू खाव नको. घरातल्या एकान तरी तो खाव नये."

मी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि झाकण लावलं.